आधी झाडांची वही, मग वानरांची: उंबर आणि वानरांच्या आठवणीच्या प्रकल्प नोंदी

7 जानेवारी 2024

जागा: चाळीसगाव तालुका, सातमाळ्याच्या पायथ्याचे शिवार. एक नाला, त्याला मिळणारे दोन ओहोळ, मधे कपाशी, मका, हरभरा. पाटणादेवीचे जंगल जवळ असले तरी ते गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात येते आणि आत नोंदी घ्यायच्या तर वनखात्याची लेखी परवानगी लागते. म्हणून काम शिवारातच. शेतमालकांची परवानगी तोंडी घेतली तरी चालते, पण ज्याच्या बांधावर झाड त्याच्याकडूनच घ्यावी. शेजाऱ्याने दिलेली परवानगी पुढे भांडणाला कारण होते.

प्रश्न असा: फळ कुठे आहे हे वानरांना आठवते म्हणून ती तिथे जातात, की फिरता फिरता झाड लागते?

हाच प्रश्न चिंपांझींबाबत बराच तपासला गेला आहे. एमिल मेन्झेल यांचा 1973 मध्ये छापून आलेला प्रयोग साधा होता. एक जण मोकळ्या आवारात 18 ठिकाणी खाऊ लपवतो, दुसरा एका चिंपांझीला कडेवर घेऊन त्याच्यामागून फिरतो, नंतर सगळ्या टोळीला आवारात सोडतात. ज्याने लपवताना पाहिले त्याने सरासरी बाराहून अधिक जागा शोधल्या. ज्यांनी पाहिले नव्हते त्यांच्या हाती जवळजवळ काही लागले नाही. शिवाय तो लपवणाऱ्याच्या वाटेने गेला नाही, स्वतःची जवळची वाट काढत गेला. शिवारात हे करता येत नाही आणि करूही नये. वानरांना खाऊ टाकला की ती घरात शिरतात, आणि मग पुढची दोन वर्षे गाव आपल्याला शिव्या देते. इथे लपवणारे झाडच आहे, आपण फक्त झाडाची नोंद ठेवायची.

14 जानेवारी

वानरांमागे अजून जायचे नाही. आधी झाडांची यादी.

घेतलेली झाडे: उंबर, वड, पिंपळ, पायर, चिंच, मोह, बोर, जांभूळ, काटेसावर. सोडलेली: कडुनिंब, बाभूळ, खैर, अंजन. वानरे त्यांचाही पाला-शेंगा खातात, पण ही झाडे पावलोपावली आहेत. जे सगळीकडे आहे ते आठवायची गरज पडत नाही. जे मोजके आहे, दूरदूर आहे आणि थोडे दिवसच टिकते त्याच्यावरच आठवणीची परीक्षा होते. त्या कसोटीला उंबर पुरेपूर उतरतो.

प्रत्येक झाडाला क्रमांक, जात, छातीच्या उंचीवरचा घेर, बांध कोणाचा, नाल्यापासून अंतर. घेर मोजताना उंबराच्या बुंध्याला फुगवटे असतात. टेप त्याच्या वर धरायचा आणि कुठे धरला ते लिहायचे. नाहीतर पुढच्या वर्षी झाड बारीक झालेले दिसते.

क्रमांक टाकणे हे कटकटीचे काम निघाले. पांढऱ्या ऑइलपेंटने आकडे घातले की लोक विचारतात, "झाड कोणी विकलं?" रस्ता रुंदीकरणात आणि तोडीच्या आधी असेच आकडे पडतात, त्यामुळे शंका रास्तच आहे. एका बांधावरचे आकडे दुसऱ्या दिवशी कुऱ्हाडीने तासून काढलेले मिळाले. रंग बंद केला. आता शीतपेयाच्या डब्याचा पत्रा कापून, जाड कागदावर ठेवून, बॉलपेनने दाबून आकडा उमटवायचा आणि काथ्याने खालच्या फांदीला सैल बांधायचा. खिळा ठोकू नये: उंबराला चीक येतो, पत्रा चिकटतो, आणि वर्षभरात साल त्याला गिळायला लागते. काथ्याच्या फासात दोन बोटे जातील एवढी जागा ठेवावी.

28 जानेवारी

मोबाइलच्या जीपीएसवर झाडांच्या जागा घेतल्या. उघड्यावर चूक चार-पाच मीटरची, गर्द वडाखाली पंधराच्या पुढे. शेजारशेजारची दोन उंबरे नकाशावर एकमेकांवर बसली. उपाय: झाडापासून दूर उघड्यावर उभे राहून बिंदू घ्यायचा, तिथून टेपने अंतर आणि होकायंत्राने दिशा. वेळ दुप्पट लागतो, पण पुढे "टोळी याच झाडावर होती की पलीकडच्या" हा वाद मिटतो.

फळांची नोंद दर आठवड्याला. शेंड्याचे मनातल्या मनात चार भाग करून प्रत्येक भागाला 0 ते 4 गुण. कच्ची आणि पिकलेली वेगवेगळी. हे चिंच-जांभळाला ठीक. उंबराची फळे बुंध्याला आणि जाड फांद्यांना लगडतात, त्यामुळे खालून ठरावीक तीन जागांवरून दुर्बिणीने झुपके मोजायचे. लाल दिसले म्हणजे पिकले असे नसते. हाताशी येईल ते फळ पाहावे: त्यावर बारीक भोक पडले असेल तर आतली चिलटे बाहेर पडून गेली आणि आता दोन-चार दिवसांत ते मऊ पडणार. या भोकाला "पिकण्याआधीची खूण" असा वेगळा रकाना दिला. पुढे सगळ्यात जास्त उपयोग याच रकान्याचा झाला.

11 फेब्रुवारी

आता टोळी. एक हुप्या, बाकी माद्या आणि पिल्ले, मिळून सोळा-सतरा. ओळखीसाठी फोटो: एका मादीचा कान फाटका, एकीचे शेपूट टोकाला मोडलेले, हुप्याच्या ओठावर जुना वण. शेपटाचे फोटो बसलेल्या वानराचेच घ्यावेत. चालताना शेपूट कमानीसारखे वर असते आणि मोड लपतो.

पद्धत: दर 10 मिनिटांनी टोळीच्या मध्याची जागा, दिसणारी मोठी वानरे काय करतात आणि काय खातात. अंतर तीस मीटरच्या आत आणले की हुप्या दात विचकतो. चाळीसला ती आपल्याला विसरतात.

"भेट" म्हणजे काय, यावर बराच वेळ गेला. पहिली व्याख्या होती "झाडापासून दहा मीटरच्या आत". ती टिकली नाही, कारण उंबरावर वानरे सावलीला बसतात, कोवळा पाला खातात, खाली डोह असेल तर पाण्याला येतात. आताची व्याख्या: मोठे वानर बुंध्यावर चढले, किंवा खाली थांबून मान वर करून पाहिले, आणि पहिल्या पाच मिनिटांत तोंडात काय गेले. पिल्लांच्या उड्या मोजायच्या नाहीत.

या व्याख्येमुळे "रिकामी भेट" हाती लागली. येणे, वर बघणे, काही न खाता निघणे. सुरुवातीला वहीत याला जागाच नव्हती. "खाल्ले" एवढेच लिहिले की वानर नेमके फळाच्याच झाडावर जाते असे दिसणारच. न खाल्लेल्या भेटी धरल्या तर चित्र निराळे निघते. आयव्हरी कोस्टच्या ताई जंगलात कार्लीन यानमाट आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये चिंपांझींबाबत जे मांडले ते बरेचसे अशाच भेटींवर उभे आहे: चिंपांझी फळ नसलेल्या मोठ्या झाडांवरही नजर टाकून जातात आणि त्यात मागच्या हंगामातला अनुभव दिसतो.

हरभरा घाट्यांवर असल्याने राखण चालू आहे. कुत्री सोडली, फटाका वाजला की पुढचा तासभर टोळीची वाट ही पळण्याची वाट असते. तो तास नोंदवहीत ठेवायचा, पण हिशेबातून काढायचा.

25 फेब्रुवारी

चिंचा पिकल्या. टोळी एका चिंचेवरून सरळ दुसरीवर, मग तिसरीवर. पाहायला फार सुंदर, पुराव्याला कुचकामी. शिवारातल्या सगळ्या चिंचा साधारण एकाच वेळी पिकतात. एक गोड लागली की "आता चिंचांचे दिवस" एवढे कळले तरी बाकीच्यांकडे जाता येते. त्याला कोणते झाड कधी खाल्ले हे लक्षात ठेवावे लागत नाही. जपानी मकाक माकडांवर चार्ल्स मेन्झेल यांनी 1991 मध्ये हेच दाखवले होते: हंगाम नसताना अकेबीचे फळ समोर ठेवले, तर माकडे अकेबीचे वेल तपासायला गेली.

उंबराचे तसे नाही. वर्षातून अनेकदा फळतो आणि शेजारच्या दोन झाडांचा एकमेकांशी मेळ नसतो. एक लालेलाल, वीस पावलांवरचा दुसरा बोडका. एक पिकला म्हणून दुसरा पिकला असे मानणारे वानर इथे फसते. म्हणून चिंचेच्या नोंदी वेगळ्या वहीत गेल्या आणि मुख्य हिशेब उंबर-पायरीवर राहिला.

राखण करणाऱ्या एका आजोबांचे मत, अहिराणीत: "उंबर पिकना की वांदरं येतसच." उंबर पिकला की वानरे येतातच. खरे आहे. किती आधी येऊन बघून जातात, एवढाच आपला प्रश्न.

10 मार्च

पडलेली फळे मोजण्यासाठी अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपची एक मीटर बाय एक मीटर चौकट केली. चार एल्बो, गोंद लावायचा नाही म्हणजे सुटी करून पिशवीत जाते. झाडाखाली ठरावीक चार जागी ठेवून ताजी फळे मोजायची.

आकडे काही जुळेनात. झाड भरलेले, खाली मात्र फळच नाही. कारण शेळ्या. कळप सकाळी चरायला निघतो आणि पहिली धाव उंबराखाली असते. उजेड व्हायच्या आत मोजले तर ठीक, पण तेव्हा दुसरा माणूस टोळीच्या रात्रीच्या मुक्कामाच्या झाडाखाली हवा असतो. शेवटी चार खुंट्यांवर जुनी मच्छरदाणी कमरेएवढ्या उंचीवर ताणली. शेळी मागच्या पायांवर उभी राहून तिथेही पोचते. छातीएवढी उंच हवी.

दुसरी अडचण वटवाघळांची. संध्याकाळी पिकलेला म्हणून लिहिलेला उंबर सकाळी अर्धा रिकामा असतो. त्या दिवशी वानरे तिकडे फिरकली नाहीत म्हणून "विसरली" असे लिहिणे अन्याय आहे. नियम: ज्या दिवशी टोळीच्या मागे, त्याच दिवशी त्या पट्ट्यातल्या उंबरांची नोंद. आदल्या दिवशीची चालत नाही, आठवड्यापूर्वीची तर नाहीच.

24 मार्च

योगायोगाशी तुलना. नकाशा छापला, दिवसाची वाट ट्रेसिंग पेपरवर उतरवली, मुक्कामाच्या झाडावर टाचणी रोवून कागद 30-30 अंशांनी फिरवला. बारा स्थिती होतात: एक खरी, अकरा खोट्या. प्रत्येक स्थितीत वाट किती फळलेल्या उंबरांच्या पंचवीस मीटरच्या आतून जाते ते मोजले. खरी वाट प्रत्येक वेळी खूप पुढे.

निकाल इतका छान आला की संशय यावा. फिरवलेल्या वाटा उघड्या कपाशीतून जातात. वानरे तिथून जात नाहीत, ती झाडांच्या ओळीने, नाल्याच्या काठाने चालतात. आणि उंबर वाढतो कुठे? नाल्याच्याच काठी. म्हणजे आठवण शून्य असलेले, नुसते काठाकाठाने चालणारे वानरही या चाचणीत हुशार ठरले असते. घनदाट जंगलात ही पद्धत बरी. खानदेशी शिवारात, जिथे झाडी म्हणजे एक रेघ असते, तिथे वापरू नये. कागद फिरवण्यात गेलेला वेळ वाया गेला म्हणायचा.

31 मार्च

त्याऐवजी "फाट्याची वही". झाडांच्या ओळी जिथे फुटतात — ओहोळ नाल्याला मिळतो, दोन बांध भेटतात — ती जागा म्हणजे फाटा. प्रत्येक फाट्याला अक्षर. टोळी फाट्यावर आली की लिहायचे:

कोणत्या ओळी पुढे होत्या, कोणती घेतली, पहिले पाऊल कोणी टाकले, घेतलेल्या आणि न घेतलेल्या ओळीवर पुढच्या तीनशे मीटरमध्ये कोणते उंबर आणि त्यांची आजची स्थिती, त्या झाडावर शेवटची भेट कधी.

न घेतलेल्या ओळीची नोंद हाच या वहीचा जीव आहे. टोळी डावीकडे गेली की सगळे डावीकडे धावतात. एकाने उजवीकडे जाऊन रिकामे झाड पाहून आलेच पाहिजे. दोन माणसांशिवाय हे होत नाही.

वाट बहुतेक वेळा जुन्या माद्या ठरवतात, हुप्या मागून येतो.

23 एप्रिल, मंगळवार

हनुमान जयंती. शिवाराच्या टोकाला मारुतीचे देऊळ आहे; शनिवारी लोक फुटाणे, केळी, नारळ ठेवतात आणि टोळी सकाळी तिथे हजर असते. "वानरांना वार कळतो" असे गावात छातीठोकपणे सांगतात.

आज वार मंगळवार, पण गर्दी शनिवारहून जास्त. टोळी पहाटे ओहोळाच्या वरच्या अंगाला होती आणि तिकडेच सरकत होती. भोंगा सुरू झाला, गाड्या लागल्या, त्यानंतर ती वळून देवळाकडे आली. म्हणजे आवाजावरून येता येते, वार मोजावा लागत नाही. शनिवारीही घंटा आणि दुचाकी पहाटेच सुरू होतात. त्यामुळे शनिवारच्या नोंदी आठवणीचा पुरावा म्हणून बाद. आठवण नाही असे यातून ठरत नाही, फक्त ही जागा तपासायला निकामी आहे. शिवाय पोट देवळात भरले की उंबराकडचा ओढा कमी होतो, म्हणून शनिवारचा पूर्ण दिवसच हिशेबातून काढला.

5 मे

ऊन. दहानंतर मोबाइल तापून बंद पडतो, टोळीही नाल्यातल्या सावलीत चार वाजेपर्यंत हलत नाही. काम सकाळी साडेपाच ते दहा. मोबाइलला ओल्या रुमालात गुंडाळू नये, चार्जिंगच्या खाचेत पाणी जाते. पांढऱ्या सुती पिशवीत, सावलीच्या बाजूला ठेवावा. वाटेच्या नोंदी कागदावरही हव्यात.

झाड फाट्यावरून दिसते का, हे जमिनीवर उभे राहून ठरवत होतो. वानर मात्र आठ-दहा मीटर उंचीवर बसून बघते. बांबूच्या आकडीला मोबाइल बांधून व्हिडिओ चालू ठेवला आणि चहूकडे हळू फिरवले. "दिसत नाही" म्हणून लिहिलेली बरीच झाडे वरून स्पष्ट दिसतात, विशेषतः पानगळीत. एप्रिलपर्यंतच्या सगळ्या फाट्यांची दिसण्याची नोंद पुन्हा करावी लागली. जे झाड वरूनही दिसत नाही तेच हिशेबात.

वास: पिकल्या उंबराचा आंबूस वास वाऱ्याच्या दिशेला आपल्यालाही लांबून येतो. काडीला सुताचा धागा बांधून फाट्यावर वाऱ्याची दिशा टिपायची. झाडाकडून फाट्याकडे वारा असेल तर ती नोंद वेगळी. आवाज: हरियाल, कोकीळ, बुलबुल, तांबट फळलेल्या उंबरावर इतका गलका करतात की ती पाटीच असते. गलका ऐकू येतो/येत नाही, असा रकाना वाढवला.

एवढ्या चाळण्या लावल्यावर वही रोडावते. पण उरते त्यावर बोट ठेवता येते.

19 मे

चाळून उरलेल्या फाट्यांवर दिसले ते असे. दोन-तीन दिवसांपूर्वी ज्या उंबरावर खाल्ले आणि अजून फळ शिल्लक आहे, तिकडे टोळी झाड न दिसता, गलका न ऐकता, वास येणार नाही असा वारा असतानाही वळते. यात फारशी शंका राहिली नाही.

जे झाड बरेच दिवस बोडके होते आणि आता पिकत आले, त्याचे उत्तर अर्धवट आहे. अशा झाडांवर पिकण्याआधी रिकाम्या भेटी पडतात, पण त्या थोर घेराच्या झाडांवर जास्त. ओहोळाच्या वळणावरचा जुना उंबर याचे उदाहरण: फांदी-फांदीवर कच्चे झुपके, भोकाची खूण अजून नाही. कान फाटकी मादी बुंध्यापाशी आली, मागच्या पायांवर उभी राहून खालचे एक फळ बोटांनी दाबले, हुंगले, तसेच सोडले आणि निघाली. टोळी तिच्यामागे गेली. त्या झाडावर भोके दिसू लागली तेव्हा ती परत आली होती. मोठे झाड लक्षात राहते की मोठे झाड वाटेत येण्याचा संभव जास्त, हे वेगळे करायला छोट्या आणि मोठ्या उंबरांच्या जोड्या हव्यात, एकाच फाट्याच्या दोन हातांवर. अशा जोड्या या शिवारात मोजक्याच आहेत.

तापमानही लिहायला लागलो आहोत. युगांडातल्या किबाले जंगलात मँगाबे माकडे ऊन-उबेच्या दिवसांनंतर आधी पाहिलेल्या उंबरवर्गीय झाडांकडे परतण्याचा संभव जास्त, असे 2006 मध्ये दिसले. फळ उबेने लवकर पिकते. इथे मे महिन्यात प्रत्येक दिवस तापलेलाच, त्यामुळे फरक दिसणार नाही. ही नोंद हिवाळ्यात घ्यावी, जेव्हा चार दिवस गारठा आणि चार दिवस ऊब असते.

मुक्काम: ताई जंगलातल्या 2014 च्या कामात पाच माद्यांच्या मागे 275 पूर्ण दिवस राहून पाहिले होते की लवकर संपणारे फळ लांब असेल तर चिंपांझी सकाळी लवकर निघतात आणि रात्रीचा मुक्कामही त्या वाटेवर टाकतात. इथे ते तपासता आले नाही. मुक्कामाची झाडे दोन-तीनच, उंच आणि कुत्र्यांपासून सुरक्षित. टोळीला निवडायला वावच नाही. निघण्याची वेळ मात्र लिहिण्यासारखी आहे. "निघाली" म्हणजे टोळीतल्या निम्म्या मोठ्या वानरांनी झाड सोडले, असे धरा. पहिले वानर खाली उतरणे ही खूण धरू नये, ते बहुतेकदा मुतायला उतरते.

9 जून

मृगाचे ढग आले. जांभळे पडू लागली, आणि जांभूळ चिंचेसारखेच एकदम पिकत असल्याने आता उंबराकडे जाणे कमी. उंबराच्या नोंदी इथे थांबवल्या.

खर्च साधारण असा: 8×40 दुर्बीण पाच हजारांच्या आसपास, हाच मोठा भाग. तीस मीटर टेप, होकायंत्र, पीव्हीसी, काथ्या, नकाशांच्या छपाया मिळून दीड हजाराच्या आत. ट्रेसिंग पेपरचे पैसे वाचवता येतात. पॉवरबँक दोन हव्यात, कारण रात्री भारनियमन असले की एक रिकामीच राहते. पेट्रोल वेगळे.

दुसऱ्या शिवारात सुरू करणाऱ्यांनी क्रम असा ठेवावा: पहिला महिना फक्त झाडे आणि फाटे, बांबूवरून पाहणी त्याच महिन्यात, मग टोळी. रावेर-यावलकडे केळीच्या पट्ट्यात हे जमणार नाही असे नाही, पण तिथे केळी वर्षभर आणि सलग असल्याने बागेच्या नोंदी वेगळ्या काढाव्या लागतील.

पत्र्याचे क्रमांक झाडांवरच आहेत. काथ्या पावसाळ्यात कुजतो. सप्टेंबरच्या फेरीत बदलायचा, आणि तोवर वह्या पेन्सिलनेच लिहायच्या, बॉलपेन ओल्या कागदावर उमटत नाही.